वाचकांचे प्रश्न : फ्रेंच मोजमाप-यंत्रांची पुस्तकं मराठीत आणताना

डेटा लॉगर (ठरावीक वेळाने वाचनं आपोआप नोंदवून ठेवणारं यंत्र), प्रेशर गेज, तापमानाचे प्रोब, वजनकाटे यांच्यासोबत आलेल्या फ्रेंच कागदांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. मूळ लिखाणात शेवटची अक्षरं बऱ्याचदा मुकी असतात, तेव्हा कागदाशी ताडून पाहताना तेवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : आमच्या यंत्राच्या पुस्तकावर ‘साँत्राल दाकिझिसियों द दोने’ असं लिहिलं आहे. संगणकाने त्याचं ‘डेटा संपादन केंद्र’ केलं. ऑपरेटर विचारतात, हे केंद्र आहे कुठे? (चाकण)

केंद्र त्यांच्या समोरच भिंतीवर टांगलेलं आहे. फ्रेंच तंत्रभाषेत बऱ्याच वायरी जिथे येऊन मिळतात आणि जिथे त्यांच्यावर काही प्रक्रिया होते, त्या पेटीला साँत्राल म्हणतात. मराठीत सरळ ‘डेटा लॉगर’ लिहा. चॅनेल बरेच असतील तर ‘बहुचॅनेल डेटा लॉगर’. वीजनिर्मिती केंद्रालाही हाच शब्द असल्यामुळे संगणकाचा गोंधळ होतो.

पण साँत्राल दिसलं की डेटा लॉगर, असंही करू नका. विजेच्या पॅनेलवरची ‘साँत्राल द मझ्यूर’ म्हणजे आपला मल्टिफंक्शन मीटर: व्होल्टेज, करंट, पॉवर फॅक्टर, युनिटं सगळं एकाच डब्यात दाखवणारा. ‘साँत्राल दालार्म’ म्हणजे अलार्म पॅनेल. ‘आँरजिस्त्रर’ म्हणजे रेकॉर्डर. जुन्या पुस्तकात तो कागदावर पेनने रेघ ओढणारा असतो, नव्या पुस्तकात खिशात मावणारा आणि स्वतःची मेमरी असलेला लॉगर. ‘ओतोमात’ म्हणजे पीएलसी (यंत्रं ठरल्या क्रमाने चालवणारा औद्योगिक कंट्रोलर), यंत्रमानव नव्हे. फ्रेंच ड्रॉइंगवर पीएलसीचं लघुरूप ए-पी-आय असं येतं, त्याचा सॉफ्टवेअरच्या एपीआयशी काही संबंध नाही.

पुढची तीन नावं पाठच करून टाका. ‘व्वा’ म्हणजे रस्ता नव्हे, चॅनेल. ‘स्क्र्युतासियों’ म्हणजे एकामागून एक चॅनेल वाचत जाणं, आपण स्कॅनिंग म्हणतो ते. ‘ओरोदाताज’ म्हणजे प्रत्येक नोंदीवर तारीख-वेळेचा शिक्का. ‘कार्त’ मात्र जपून. कार्त मेम्वार म्हणजे मेमरी कार्ड, कार्त द कोमाँद म्हणजे कंट्रोल बोर्ड, आणि कार्त द कोंत्रोल म्हणजे क्वालिटीवाल्यांचा कंट्रोल चार्ट. शेवटच्या दोघांत अदलाबदल झाली तर क्वालिटीच्या माणसाला सर्किट बोर्ड शोधत फिरावं लागेल.

प्रश्न : ‘कोंत्रोल’चं भाषांतर मी ‘नियंत्रण’ करते. परीक्षकांनी ते खोडलं. का? (फ्रेंचची विद्यार्थिनी, पुणे)

परीक्षक बरोबर आहेत. फ्रेंचमध्ये कोंत्रोल म्हणजे मुळात तपासणी. ‘दर दोन तासांनी तापमान कोंत्रोल करा’ याचा अर्थ जाऊन बघा आणि लिहून ठेवा. तिथे ‘तापमान नियंत्रित करा’ असं छापलं तर नवा ऑपरेटर दर दोन तासांनी सेटिंगला हात लावेल, आणि चांगली स्थिर असलेली भट्टी हलत राहील.

नियंत्रणासाठी फ्रेंचमध्ये वेगळे शब्द आहेत. तापमान, दाब, पातळी आपोआप ठरल्या जागी ठेवणं म्हणजे ‘रेग्युलासियों’, ते करणारा ‘रेग्युलातर’. मराठीत त्याला कंट्रोलर म्हणा. ‘रेग्युलेटर’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला गॅसच्या टाकीवरचा किंवा पंख्याचा आठवेल. कंट्रोलरला दिलेली अपेक्षित किंमत म्हणजे ‘कोंसीन्य’, आपला सेट पॉइंट. ज्याच्या पलीकडे अलार्म वाजतो तो ‘सय’, म्हणजे अलार्मची मर्यादा. मोटर चालू कर, व्हॉल्व्ह उघड असा हुकूम म्हणजे ‘कोमाँद’. हाच शब्द खरेदीच्या ऑर्डरलाही आहे. तेव्हा यंत्राच्या पाटीवरचा ‘कोमाँद’ क्रमांक म्हणजे बहुतेक वेळा सुटा भाग मागवायचा ऑर्डर नंबर.

अपवादही सांगून ठेवतो. ‘कोंत्रोल-कोमाँद’ ही जोडी वीज आणि अणुऊर्जा क्षेत्रात ‘उपकरणं व नियंत्रण’ या संपूर्ण विभागासाठी वापरतात. आणि जुन्या पुस्तकातला ‘कोंत्रोलर युनिव्हेर्सेल’ हा चक्क मल्टिमीटर असतो.

प्रश्न : फ्रान्समधून आलेल्या प्रमाणपत्रात एतालोनाज, आज्युस्ताज, कालिब्राज, व्हेरिफिकासियों असे चार शब्द आहेत. आमच्याकडे सगळ्यांना कॅलिब्रेशनच म्हणतात. वेगळे ठेवायलाच हवेत का? (प्रयोगशाळा, नाशिक)

हवेतच, कारण त्यांतल्या एकाच कामात यंत्राला हात लागतो.

एतालोनाज म्हणजे कॅलिब्रेशन, आपल्या पारिभाषिक मराठीत अंशशोधन. प्रमाणित साधनाने दिलेली किंमत आणि तुमच्या यंत्राने दाखवलेली किंमत शेजारी-शेजारी लिहायच्या, फरक आणि अनिश्चितता मांडायची. बस. यंत्र जसं आलं तसंच परत जातं. आज्युस्ताज म्हणजे समायोजन: स्क्रू फिरवून किंवा मेनूत जाऊन वाचन ठिकाणावर आणणं. आज्युस्ताज झालं की आधीचं एतालोनाज बाद होतं, पुन्हा करावं लागतं. म्हणून चांगल्या प्रमाणपत्रात ‘समायोजनापूर्वी’ आणि ‘समायोजनानंतर’ अशी दोन कोष्टकं असतात. त्यांतलं पहिलं गाळू नका. गेल्या वर्षभरात यंत्र किती चुकत होतं हे फक्त तेच सांगतं, आणि ऑडिटरला तेच हवं असतं. व्हेरिफिकासियोंमध्ये यंत्र ठरलेल्या कमाल मान्य त्रुटीच्या आत आहे की नाही एवढंच पाहतात. त्याचा कागद ‘कोंस्ता द व्हेरिफिकासियों’, आणि त्यावर निकाल ‘कोंफोर्म’ किंवा ‘नों कोंफोर्म’. कमाल मान्य त्रुटीचं फ्रेंच लघुरूप ई-एम-टी.

कालिब्राज हा ढिला शब्द आहे. काही जण तो एतालोनाजसाठी वापरतात, काही समायोजनासाठी, तर काही फळं-अंडी आकारानुसार वेगळी काढण्यासाठी. तो दिसला की पुढची चार वाक्यं वाचून काय केलंय ते ठरवा. यंत्राच्या पडद्यावरचं ‘ओतो-एतालोनाज’ हे जवळजवळ नेहमी समायोजनच असतं. सेव्हरमधल्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाने ठेवलेल्या मापनशास्त्राच्या शब्दसंग्रहात, एतालोनाजच्या व्याख्येखालीच, या गल्लतीबद्दल इशारा दिलेला आहे.

आता कोष्टक. इथे खरा धोका आहे. एका स्तंभावर ‘एरर’ असतं किंवा ‘कोरेक्सियों’ असतं, आणि दोन्हींची चिन्हं उलट. समजा प्रमाणित तापमान ५०.०० अंश, तुमच्या यंत्राने दाखवले ५०.३२. त्रुटी +०.३२, दुरुस्ती −०.३२. त्रुटी वाचनातून वजा करायची, दुरुस्ती वाचनात मिळवायची. ‘कोरेक्सियों’च्या स्तंभाला मराठीत ‘त्रुटी’ असं शीर्षक दिलंत, की वाचणारा −०.३२ वजा करेल आणि ५०.६४ वर पोहोचेल. चूक गेली नाही, दुप्पट झाली. स्तंभाच्या डोक्यावर नुसता शब्द न लिहिता ‘दुरुस्ती (वाचनात मिळवा)’ असं लिहिण्याची सवय लावा.

आणखी दोन शब्द. ‘राकोर्दमाँ’चा वायरिंगच्या पानावर अर्थ जोडणी, पण प्रमाणपत्रावर तो मापनाचा माग राष्ट्रीय प्रमाणापर्यंत पोहोचतो असं सांगतो. ‘राष्ट्रीय प्रमाणांना जोडलेले’ हे भाषांतर वाचून कोणी केबल शोधायला नको. ‘राष्ट्रीय प्रमाणांपर्यंत माग लागतो’ असं लिहा. ‘अँसेर्तित्यूद एलार्जी’ म्हणजे विस्तारित अनिश्चितता. शेजारी के = २ असेल तर ते अक्षर आणि आकडा तसाच ठेवा, कारण त्याशिवाय ती किंमत अर्धवट आहे. प्रमाणपत्रावर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख दिसली नाही तर ती भाषांतरात राहून गेली असं समजू नका. आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ग्राहकाशी तसं ठरलं असेल तरच प्रयोगशाळा मुदत सुचवू शकते. कोफ्राक हे फ्रान्समधल्या मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव आहे, आपल्याकडच्या एनएबीएलसारखं. त्याचं भाषांतर करायचं नाही.

‘एतालों’ म्हणजे प्रमाण साधन. सर्वसाधारण शब्दकोशात याच शब्दाचा दुसरा अर्थ वळू घोडा असा सापडेल. संगणकाने तो निवडल्याचे नमुने पाहायला मिळतात, हसून सोडून द्या.

प्रश्न : ‘प्रेसिझियों ± ०,५ % पी ई’ याचं मराठी काय? पी ई म्हणजे अर्थिंग ना? (औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर)

वायरिंगच्या पानावर हो, पीई म्हणजे संरक्षक अर्थिंग. तांत्रिक तपशिलाच्या कोष्टकात मात्र ‘प्लेन एशेल’, म्हणजे पूर्ण मोजपट्टी. ‘अचूकता : पूर्ण मोजपट्टीच्या ± ०.५ टक्के’ असं लिहा.

हा फरक पैशांचा आहे. ० ते २५० बारचा, पूर्ण मोजपट्टीच्या १ टक्का अचूकतेचा गेज घ्या. तो कुठेही २.५ बार चुकू शकतो. २०० बारवर हे खपून जातं. २० बारवर तीच चूक वाचनाच्या साडेबारा टक्के होते. ‘वाचनाच्या १ टक्का’ असं चुकीचं भाषांतर झालं तर खरेदीवाला हाच गेज २० बारच्या लाइनवर लावून मोकळा होईल. वाचनाच्या टक्क्यांसाठी फ्रेंचमध्ये ‘लेक्त्यूर’ किंवा नुसतं एल अक्षर येतं. मल्टिमीटरच्या पुस्तकात ‘± (०,५ % एल + २ प्वँ)’ असं दिसेल. प्वँ म्हणजे शेवटच्या अंकातल्या पायऱ्या. २३०.० व्होल्टच्या वाचनावर, शेवटचा अंक ०.१ व्होल्टचा असताना, १.१५ अधिक ०.२ म्हणजे १.३५ व्होल्ट.

शब्द निवडताना: रोजच्या फ्रेंचमध्ये आणि कॅटलॉगमध्ये प्रेसिझियों म्हणजे अचूकता. मापनशास्त्राच्या काटेकोर लिखाणात अचूकतेला ‘एग्झाक्तित्यूद’ म्हणतात. पुन्हा पुन्हा मोजून उत्तरं एकमेकांजवळ येतात का, याला ‘फिदेलिते’, मराठीत परिशुद्धता. आणि पुष्कळ वाचनांची सरासरी खऱ्या किमतीजवळ आहे का, याला ‘ज्युस्तेस’. ज्युस्तेससाठी मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘सरासरीचा खरेपणा’ असं उघड लिहिलेलं बरं. फिदेलितेचं ‘निष्ठा’ कृपया करू नका.

प्रश्न : पुस्तकात ‘पा द मझ्यूर’ एका ठिकाणी सेटिंग म्हणून आहे आणि दुसरीकडे पडद्यावरचा संदेश म्हणून. दोन्हीकडे ‘मोजमाप नाही’ असं आलं आहे. (सांगली)

पहिलं चुकलं, दुसरं बरोबर. ‘पा’ म्हणजे पाऊल, पायरी, आणि ‘नाही’ हेसुद्धा. ‘पा द मझ्यूर : १५ मिनिटं’ म्हणजे दोन नोंदींमधलं अंतर. तोच मजकूर पडद्यावर एकटा आला तर वाचनच मिळत नाहीये, प्रोब तुटला आहे किंवा सुटला आहे. पुढे आकडा आणि वेळेचं एकक आहे का, ही खूण. (स्क्रूच्या बाबतीत पा म्हणजे आट्यांचा पिच. तो इथे लागू नाही, पण प्रोबच्या चुडीच्या मापात दिसेल.)

याच्याशी निगडित दोन सेटिंगं शब्द बदलल्यावर उलटी होतात. ‘आँ बूक्ल’ म्हणजे मेमरी भरली की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी नोंद. ‘आरे मेम्वार प्लेन’ म्हणजे मेमरी भरली की नोंदणी बंद. मराठीत ‘फिरती नोंद’ आणि ‘मेमरी भरताच थांब’ असं लिहा, आणि सोबत हिशोब द्या. १६,००० नोंदींची मेमरी, १५ मिनिटांचं अंतर, म्हणजे दिवसाला ९६ नोंदी आणि साधारण १६६ दिवस. तापमान आणि आर्द्रता असे दोन चॅनेल त्याच मेमरीत जात असतील तर ८३. ऑडिटच्या वेळी सहा महिन्यांपूर्वीची नोंद हवी असेल तर फिरत्या नोंदीत ती केव्हाच पुसली गेलेली असते.

‘ओतोनोमी’ म्हणजे स्वायत्तता नव्हे, एका सेलवर यंत्र किती दिवस चालेल ते. तो आकडाही ठरावीक अंतरासाठीच असतो. १५ मिनिटांवर ३ वर्षं असं लिहिलं असेल तर १० सेकंदांवर ती अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : टर्मिनलच्या चित्रातली लघुरूपं तशीच ठेवावीत की बदलावीत? (कोल्हापूर)

यंत्रावर कोरलेली अक्षरं तशीच ठेवा, बाजूला मराठी अर्थ द्या. वायरमन चित्रातलं अक्षर यंत्रावर शोधतो. तुम्ही चित्रात अक्षर बदललंत तर तो हरवला.

अर्थ मात्र नीट द्या. ‘एन ओ’ आपल्याला ओळखीचा, नॉर्मली ओपन. त्याचा जोडीदार फ्रेंचमध्ये ‘एन एफ’, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, आपल्या पॅनेलवरचा एन-सी. हीच दोन अक्षरं फ्रान्सच्या मानकचिन्हाचीही आहेत, त्यामुळे ‘एन एफ संपर्क’ याचं ‘फ्रेंच मानकाचा संपर्क’ असं होतं आणि अलार्मची वायर भलत्याच टर्मिनलवर जाते. शीतगृहाच्या अलार्मला मुद्दाम बंद राहणारा संपर्क वापरतात, म्हणजे वायर तुटली तरी अलार्म वाजावा. तो उघड्या संपर्कावर लागला तर वायर तुटल्याचं कोणालाच कळत नाही.

‘२४ व्ही-सी-सी’ म्हणजे २४ व्होल्ट डीसी. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना व्ही-सी-सी म्हटल्यावर आयसीचा सप्लाय पिन आठवतो, पण फ्रेंचमध्ये ते नुसतं ‘दिष्ट प्रवाह’ या शब्दांचं लघुरूप आहे. व्ही-सी-ए म्हणजे एसी. ‘टी ओ आर’ हे ‘तूतू रियाँ’चं लघुरूप, ‘सगळं किंवा काहीच नाही’: चालू-बंद सिग्नल, डिजिटल इनपुट. ‘कोंताक्त सेक’, कोरडा संपर्क, म्हणजे पोटेन्शियल-फ्री संपर्क. यंत्राच्या इनपुटवर कोरडा संपर्क मागितला असेल तर तिथे बाहेरून व्होल्टेज द्यायचं नाही. ‘आर ए झेड’ म्हणजे शून्यावर आणणं, रीसेट. ‘तेर’ म्हणजे जमिनीतलं अर्थिंग आणि ‘मास’ म्हणजे यंत्राचा सांगाडा किंवा सर्किटचा कॉमन. दोघांना ‘अर्थ’ म्हणू नका. मास म्हणजे वस्तुमानही, पण ते वजनकाट्याच्या पुस्तकात.

केबलबद्दल : ‘काब्ल ब्लँदे’ म्हणजे शील्डेड केबल. चिलखती, म्हणजे आर्मर्ड केबल ‘काब्ल आर्मे’. शब्दकोशात ब्लँदेचा अर्थ चिलखती असाच सापडतो, म्हणून आर्मर्ड मागवली जाते, आणि मग मोटरच्या शेजारून गेलेल्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलवर नॉइज येतो. शील्ड सहसा एकाच टोकाला जोडायची असते. दोन्हीकडे जोडली तर दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे शील्डमधूनच करंट वाहतो. पुस्तकात ‘एकाच टोकाला’ हे शब्द असतील तर ते मराठीत ठळक करा.

आणि ‘पील’. पील म्हणजे एकदा वापरून फेकायचा सेल. पुन्हा चार्ज होणारी ती बात्री किंवा आक्युम्युलातर. आपण बोलताना दोन्हींना बॅटरी म्हणतो, म्हणून भाषांतरातही तेच उतरतं. लॉगरमधला ३.६ व्होल्टचा लिथियम सेल चार्जरला लावला तर तो फुटू शकतो, आग लागू शकते. दिसायला नेहमीच्या पेन्सिल सेलसारखाच असतो, पण १.५ व्होल्टचा त्याच्या जागी चालत नाही. पुस्तकात पील असेल तिथे ‘सेल (चार्ज करू नये)’ एवढं लिहाच.

प्रश्न : ‘द्वा द गाँ’ म्हणजे हातमोज्याचं बोट. प्रोबच्या चित्रात ते काय करतंय? (तळेगाव)

ते थर्मोवेल आहे. पाइपमध्ये घुसवलेली, तळाशी बंद अशी नळी. तिच्यात प्रोब सरकवतात, म्हणजे लाइन बंद न करता प्रोब बदलता येतो. अशाच तऱ्हेचा दुसरा शब्द ‘प्रेस-एतूप’: इन्स्ट्रुमेंटच्या पेटीवर तो केबल ग्लँड, पंपाच्या शाफ्टवर ग्लँड पॅकिंगची जागा. ‘काप्तर’ म्हणजे सेन्सर, ‘सोंद’ म्हणजे प्रोब, दांड्यासकट. ‘जोज द कोंत्रेंत’चं शब्दशः ‘प्रतिबल मापक’ होतं, पण ते मोजतं विकृती. आपल्या शब्दांत स्ट्रेन गेज. वजनकाट्याच्या लोड सेलमध्ये हेच चिकटवलेलं असतं.

प्रश्न : ‘प्रेसियों रेलातिव्ह’ म्हणजे सापेक्ष दाब, बरोबर ना?

शब्दाने बरोबर, पण कामाला ‘गेज दाब’ असं लिहा. वातावरणाच्या वर किती, तेवढा. २ बार रेलातिव्ह म्हणजे निरपेक्ष साधारण ३ बार. ‘देप्रेसियों’ म्हणजे वातावरणापेक्षा कमी दाब, आपण व्हॅक्यूम म्हणतो तो.

प्रश्न : ‘कालिब्र’ला एकच मराठी शब्द सुचवा.

एक शब्द होणार नाही. मल्टिमीटरवर रेंज. एमसीबीवर रेटिंग, १६ अँपिअर वगैरे. मापाच्या खोलीत गो–नो गो गेज. व्हर्नियर कॅलिपर फ्रेंचमध्ये ‘प्ये आ कूलिस’, सरकता पाय.

प्रश्न : फ्रेंच लॉगरची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की आकडे वाकडेतिकडे होतात. लसींच्या फ्रिजमध्ये २.८ ऐवजी २८ अंश दिसलं. यंत्र बिघडलं का? (शीतसाखळी विभाग, ठाणे)

यंत्र ठीक आहे. फ्रेंचमध्ये दशांश चिन्ह स्वल्पविराम असतं, म्हणून २,८. आणि स्वल्पविराम त्यात गुंतल्यामुळे स्तंभ वेगळे करायला अर्धविराम. भारतीय सेटिंगचा संगणक स्वल्पविरामाला हजारांची खूण समजतो आणि टाकून देतो: २,८ चे २८, ४,६५ चे ४६५. फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडली तर दुसराच प्रकार होतो. स्वल्पविरामावर ओळ तुटते, एका खान्यात तारीख आणि २, पुढच्यात ८.

असं करा. आधी मूळ फाइलची प्रत ठेवा. एक्सेल कोरं उघडून ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या. अक्षरसंचासाठी ६५००१ क्रमांकाचा यूटीएफ-८ निवडा, नाहीतर फ्रेंच अक्षरांवरची चिन्हं बिघडून त्यांच्या जागी दोन-दोन विचित्र अक्षरं येतात. विभाजक अर्धविराम. डेटाचा प्रकार आपोआप ओळखू नको असं सांगा. ही पायरी लोक विसरतात, आणि २८ तिथेच होतात. मग ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये जाऊन तापमानाचा स्तंभ निवडा आणि ‘युझिंग लोकेल’मधून दशांश संख्या व फ्रेंच (फ्रान्स) द्या. तारखेच्या स्तंभालाही तसंच. फ्रेंच तारीख आपल्यासारखी दिवस-महिना-वर्ष असते, पण संगणक अमेरिकी सेटिंगवर असेल तर ०८/०३ चा ३ ऑगस्ट होतो आणि १३/०३ नुसता मजकूर म्हणून पडून राहतो. एका स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालंय.

‘शोधा व बदला’ने स्वल्पविराम काढून टिंब टाकायचा मोह होतो. तो शेराच्या स्तंभातले स्वल्पविरामही बदलतो. शिवाय फ्रेंचमध्ये हजारांच्या जागी मोकळी जागा सोडतात, आणि ती बऱ्याचदा न तुटणारी मोकळी जागा असते. साध्या स्पेसने शोधली तर सापडत नाही. फाइलमधल्या एका आकड्यातूनच ती उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा.

वेळेचं एक सेटिंग तपासा. फ्रान्समध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे करतात. लॉगरमधलं ‘अर देते’, म्हणजे उन्हाळी वेळेचा आपोआप बदल, भारतात बंद ठेवा. चालू राहिला तर मार्चमध्ये एक तास रिकामा आणि ऑक्टोबरमध्ये एक तास दोनदा. नोंदी फ्रान्सच्या वेळेत असतील तर आपली वेळ हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे.

मराठी पुस्तकात आकडे लिहिताना १ २५० ००० चं १२,५०,००० करा. १,२५० किलो हे सव्वा किलो आहे, साडेबाराशे नव्हे. ‘मिलियार’ म्हणजे शंभर कोटी. मेमरीच्या पुढचं ‘एम ओ’ म्हणजे मेगाबाइट, कारण फ्रेंचमध्ये बाइटला ‘ऑक्ते’ म्हणतात.

प्रश्न : कारखान्यासाठी शब्दसूची करायची आहे. शुद्ध मराठी शब्द घ्यावेत की चालू शब्द? आधार कुठे शोधावा? (भोसरी)

ज्या कागदावरून हात चालतो, म्हणजे सूचना, इशारे, पाट्या, तिथे कॅलिब्रेशन, सेट पॉइंट, ग्लँड हेच ठेवा. प्रमाणपत्राचं किंवा शासकीय कागदाचं भाषांतर असेल तर भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतले शब्द घ्या, आणि पहिल्यांदा येईल तिथे चालू शब्दही शेजारी द्या. एकाच पुस्तकात अंशशोधन, अंशांकन आणि कॅलिब्रेशन असं आलटून पालटून लिहिणं सर्वांत वाईट. ऑपरेटरला ती तीन वेगळी कामं वाटतात.

आधाराला दोन ठिकाणं पक्की आहेत, दोन्ही इंटरनेटवर मोफत. वर उल्लेख केलेला मापनशास्त्राचा शब्दसंग्रह फ्रेंच आणि इंग्रजीत समोरासमोर छापलेला आहे, व्याख्येसकट. विजेच्या आणि नियंत्रणाच्या शब्दांसाठी आयईसीचा इलेक्ट्रोपीडिया. नुसत्या दोन भाषांच्या शब्दकोशावर विसंबू नका. तो अर्थ देतो, पण कुठल्या यंत्रावर कुठला ते सांगत नाही.

सूचीत स्तंभ असे : फ्रेंच शब्द, कुठल्या यंत्रावर आणि कुठल्या पानावर, इंग्रजी, कोशातलं मराठी, शॉपवरचं मराठी, आणि ‘असं करू नका’. हा शेवटचा स्तंभच पुढे उपयोगी पडतो. एक शब्द दोन यंत्रांवर दोन अर्थांनी आला तर दोन ओळी करा. यंत्राच्या पडद्यावर फ्रेंच मेनूच राहणार असेल तर पडद्यावरचा शब्द अवतरणात, मग मराठी. सूची पूर्ण झाल्यावर ती यंत्रासमोर उभं राहून वाचायला द्या, भाषांतर करणाऱ्याला नव्हे, ते यंत्र चालवणाऱ्याला. तो जिथे अडखळेल तिथे शब्द बदला.

प्रश्न : कोटेशनवर किमतीपुढे ‘एच टी’ आहे. हे हाय टेन्शन मॉडेल आहे का? (जळगाव)

पॅनेलच्या दारावर एच टी म्हणजे ‘ओत ताँसियों’, उच्च दाबाची वीज. तिथे हात लावू नका. कोटेशनवर ‘ओर ताक्स’, म्हणजे कर वगळून. ‘टी टी सी’ असेल तर करासहित. आयात करताना फ्रान्सचा मूल्यवर्धित कर सहसा लागत नाही, म्हणून तुलना एच टीशी करा, आणि त्यावर आपलं सीमाशुल्क, आयजीएसटी आणि वाहतूक मिळवा.